पाणबुडी आडवी, सबमर्सिबल उभी

इंदुरात ‘सबमर्सिबल’ म्हटलं की समुद्र आठवत नाही, बोरिंगमध्ये (बोअरवेलमध्ये) सोडायचा पंप आठवतो. त्यामुळे समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या सिनेमात दोन-तीन माणसं कोंबलेला तो गोळा दिसला, की आपण त्याला पाणबुडी म्हणून मोकळे होतो. हिंदी डबिंगमध्ये तर दोन्हींना ‘पनडुब्बी’च म्हणतात. पण ही दोन वेगळी वाहनं आहेत. पटकथा लिहिणारेही त्यांची गल्लत करतात आणि तिथेच सिनेमा फसतो.

पाणबुडी आडवी चालते. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीच्या आणि तिच्यावरून डिस्नेनं 1954 मध्ये काढलेल्या सिनेमाच्या नावातल्या 20,000 लीग अनेकांना खोली वाटते. ते अंतर आहे. 4 किलोमीटरची एक लीग धरली तर 80,000 किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या. पाणबुडी बंदरातून स्वतः निघते, स्वतः परत येते, आत शंभरेक माणसं जेवतात, झोपतात, पाळ्या बदलतात. खोलीचं म्हणाल तर लष्करी पाणबुडी साधारण 300 ते 500 मीटरपर्यंतच जाते. ‘द गाझी अटॅक’ (2017) हा सिनेमा याच जातीचा.

सबमर्सिबल खाली जाते आणि वर येते, एवढंच. तिला सोबत मोठं जहाज लागतं. ते तिला क्रेननं पाण्यात सोडतं आणि संध्याकाळी उचलून घेतं. ‘टायटॅनिक’ची (1997) सुरुवात आठवा. त्यातल्या ‘मीर’ नावाच्या सबमर्सिबल खऱ्या होत्या. दिग्दर्शक कॅमरॉननं 1995 मध्ये त्यांतून 12 वेळा खाली जाऊन सुमारे 3,800 मीटरवरच्या खऱ्या जहाजाचं चित्रण केलं. आपली ‘मत्स्य 6000’ याच घराण्यातली, वर्तमानपत्रं तिला पाणबुडी म्हणोत की आणखी काही. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल, आतला व्यास 2.1 मीटर, भिंत 80 मिलिमीटर जाड, आत तीन माणसं, काम 12 तासांचं. उभं राहून येरझारा घालणारा कॅप्टन इथे शक्यच नाही.

गोलच का? दर 10 मीटरला एक वातावरणदाब वाढतो. 300 मीटरवर चौरस सेंटिमीटरला 30 किलो, ‘टायटॅनिक’पाशी 380 आणि प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी नखाएवढ्या जागेवर टनाहून जास्त. (ती गर्ता जवळपास 11 किलोमीटर खोल, इंदूरच्या राजवाड्यापासून राऊच्या दिशेनं निघावं आणि तोच रस्ता खाली उभा सोडावा, साधारण तेवढी.) गोलावर हा भार सगळीकडे सारखा वाटला जातो. लांबट नळीचा आकार माणसं आणि इंजिनं मावायला बरा, पण इतक्या खोलीवर तो टिकवायचा तर भिंत फार जाड आणि जड करावी लागते.

खरा फरक वर येताना कळतो. पाणबुडी टाक्यांत पाणी घेऊन बुडते आणि दाबून भरलेल्या हवेनं ते पाणी बाहेर ढकलून वर येते. पडद्यावर कॅप्टन ओरडतो आणि फुसकारा ऐकू येतो, तो त्या हवेचा. आता समजा हवेच्या बाटलीत वातावरणाच्या 250 पट दाब आहे. अडीच हजार मीटरखाली बाहेरच्या पाण्याचा दाब त्याहून जास्त असतो. तिथे ती हवा बाटलीतून बाहेरच पडणार नाही. म्हणून सबमर्सिबल लोखंडाची वजनं घेऊन बुडते आणि ती टाकून वर येते. 1960 मध्ये गर्तेच्या तळाशी पोचलेल्या ‘त्रिएस्त’ या यानाच्या वर 85,000 लिटर पेट्रोल भरलेली टाकी होती. पेट्रोल पाण्याहून हलकं आणि दाबानं फारसं आकसत नाही, म्हणून. वजन म्हणून जे लोखंडी छर्रे होते ते विद्युतचुंबकांनी धरलेले. वीज गेली तर ते आपोआप गळून पडणार. त्यामुळे ‘पॉवर गेली, आता आपण तळाशीच अडकलो’ हा सिनेमातला हुकमी प्रसंग अशा यंत्रात उलटा घडतो: वीज गेली की यान वर निघतं. अडकतं ते जाळ्यात, केबलमध्ये किंवा बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात.

गळतीचंही तसंच. 100 मीटरवर फुटलेला पाइप पाचर ठोकून बंद करणारे नौसैनिक पटतात. 3,800 मीटरवर बारीक कारंजं उडतंय आणि नायक त्यावर हात दाबून धरतोय, हे नाही पटत. 2023 च्या जूनमध्ये ‘टायटन’ या सबमर्सिबलचं कार्बन फायबरचं कवच गेलं ते क्षणार्धात. खिडकीही नीट बघा. लष्करी पाणबुडीला ती नसतेच. सबमर्सिबलला असते, पण लहान, जाड अ‍ॅक्रिलिकची आणि शंकूसारखी: रुंद तोंड बाहेर, अरुंद आत. दाब वाढला की ती बुचासारखी आणखी घट्ट बसते. दिवाणखान्याएवढी काच फक्त सेट लावणाऱ्यांच्या कामाची.

आता बोरिंगकडे. नावाचा सारखेपणा अगदीच पोकळ नाही. बोरिंगमध्ये टाकायच्या वॉटर-फिल्ड मोटरमध्ये आधी स्वच्छ पाणी भरतात आणि तळाशी रबरी पडदा असतो, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो. पाणी न भरता सोडली तर बेअरिंग जळतं. समुद्रातल्या सबमर्सिबलच्या बाहेरच्या मोटरी आणि बॅटऱ्या याच युक्तीनं, फक्त तेलाच्या पेट्यांत ठेवतात. दाबाशी भिडायचं ते फक्त माणसांच्या गोलानं.

आणि संभाषण. रेडिओ इतक्या पाण्यातून पोचत नाही, बोलणं ध्वनिलहरींवर चालतं, वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर. गर्तेच्या तळाशी ‘त्रिएस्त’मधून निघालेला शब्द वर पोचायला 7 सेकंद लागले. म्हणजे जहाजावरून ‘ठीक आहात ना?’ विचारलं, तर ‘हो’ ऐकू येईपर्यंत 14 सेकंद.