२४९३७ कुठून आला?

२०१८च्या नोव्हेंबरात लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ४.१९ वापरणाऱ्या काही जणांच्या पडद्यावर एक विचित्र तक्रार उमटू लागली. एक्स्ट४ ही फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) म्हणत होती, आयनोडचा 'एक्स्ट्रा आयसाइझ' चुकीचा आहे: २४९३७.

आयनोड म्हणजे फाइलची कुंडली. मालक कोण, आकार केवढा, डेटा डिस्कवर कुठे, सगळं त्यात असतं (फक्त फाइलचं नाव नसतं, ते दुसरीकडे). इथे ही कुंडली २५६ बाइटची होती. पहिले १२८ बाइट जुन्या काळापासून ठरलेले. त्यापुढची किती जागा वापरली, ते या रकान्यात लिहितात. म्हणजे उत्तर १२८च्या वर जाऊच शकत नाही.

मला हा आकडा फार आवडतो. त्याचे दोन बाइट सुटे केले तर १०५ आणि ९७ मिळतात. आस्की तक्त्यात (कुठल्या अक्षराला कुठला आकडा, ते सांगणाऱ्या) ही इंग्रजीतली 'आय' आणि 'ए' ही छोटी अक्षरं. दोन बाइटांवर पैज लावू नये, पण शंका येतेच: ही संख्या नसून कुठल्यातरी मजकुराचा तुकडा असेल का?

बोंब एक्स्ट४ने मारली, म्हणून संशयही आधी तिच्यावरच गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ कर्नलमध्ये नेहमी येते, कारण मेमरी बिघडते एकीकडे आणि कळतं दुसरीकडे, कधी तासाभरानं.

अशा चोरांसाठी कर्नलमध्ये सापळे आहेत. डिबगिंगची (चुका शोधण्याची) सोय चालू केली, की परत केलेल्या मेमरीत १०७ हा आकडा, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ६बी, ठासून भरला जातो. क्रॅशच्या नोंदीत ६बी६बी६बी दिसलं, की जाणकार ओळखतात, कुणीतरी सोडलेल्या घरात पुन्हा शिरलंय. २०१५ साली कर्नल ४.०मध्ये आलेला कासान हा सापळा त्याहून कडक. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे तो १ बाइट हिशेबाला ठेवतो आणि प्रोसेसरचं प्रत्येक वाचणं-लिहिणं तपासतो. पण डिस्कचा कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत डेटा ओततो (डीएमए), आणि ते कासानला दिसत नाही. शिवाय इथे कुणी परक्या मेमरीला हात लावलाच नव्हता.

घडलं होतं ते असं. किराणा दुकानदार चिठ्ठी लिहून पोऱ्याला गोदामात पाठवतो. गोदाम बंद, पोऱ्या परत येतो. तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणतं, दोन किलो साखरही टाका. दुकानदार बिलात साखर वाढवतो, पण पोऱ्याच्या खिशातली चिठ्ठी जुनीच. सामान येतं, बिलावर 'सगळं पोचलं' असा शिक्का बसतो, आणि साखरेच्या डब्यात कालचं पीठ तसंच.

कर्नलचा ब्लॉक लेयर (डिस्ककडे जाणाऱ्या मागण्या हाताळणारा भाग) शेजारशेजारच्या मागण्या जोडून एकच मोठी मागणी करतो, म्हणजे डिस्कच्या फेऱ्या वाचतात. ४.१९मध्ये 'नन' शेड्युलर असेल (म्हणजे मागण्यांचा क्रम लावणारं कुणी नसेल), तर मागणी रांगेत न लावता थेट डिस्कच्या ड्रायव्हरकडे देण्याचा एक जवळचा रस्ता वाढवला होता. डिस्क 'आत्ता नाही' म्हणाली, की मागणी साध्या रांगेत परत यायची. मात्र तोवर स्कझी लेयरने (डिस्कशी बोलणाऱ्या खालच्या थराने) मेमरीच्या कुठल्या पानांत किती डेटा ओतायचा, याची यादी तयार केलेली असायची. पुढे त्या मागणीला दुसरी जोडली गेली, तरी यादी बदलत नसे. जोडलेल्या भागाची पानं भरलीच जायची नाहीत, म्हणजे आधी तिथे जे काही होतं ते तसंच. एक्स्ट४ तेच आयनोड समजून वाचायची.

शोधायची रीत जुनीच, बायसेक्ट: चांगल्या आणि वाईट आवृत्तीतले बदल अर्धे-अर्धे करत जायचं. सोळा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत माणूस मुक्कामी पोचतो. पण बिघाड डिस्क नेमकी व्यस्त असतानाच होणार. चार तास काही झालं नाही, म्हणजे कर्नल चांगला की आपलं नशीब? एक पायरी चुकली, की पुढच्या सगळ्या पायऱ्या भलत्याच गल्लीत नेतात. 'नन'वाल्यांनाच त्रास होतोय, हा धागा म्हणूनच मोलाचा होता.

ब्लॉक लेयर सांभाळणाऱ्या येन्स आक्सबो यांनी डिसेंबरात दुरुस्ती दिली, ती ४.१९.८मध्ये आली. यादी तयार झालेल्या मागणीत नंतर काहीही जोडायचं नाही, एवढंच. गडबड फक्त वाचताना झाली असेल, तर डिस्कवरचा आयनोड शाबूत होता. लिहितानाही तेच घडलं असेल, तर जोडलेला भाग डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता.