वृक्षविविधता व कार्बनसाठा मापन (सह्याद्री)

सह्याद्रीच्या माथ्यावरील व उतारांवरील वनांत किती जातींचे वृक्ष आहेत आणि त्यांत प्रति हेक्टर किती कार्बन आहे, हे नमुना चौकटींवरून ठरविण्याची पद्धती. चौकट बहुधा २० × २० मी. (०.०४ हेक्टर) किंवा ०.१ हेक्टरची असते. बाजू उतारावरून न मोजता क्षितिजसमांतर धरावी लागते. ३०° उतारावर २० मी. भरण्यासाठी टेप सुमारे २३.१ मी. सोडावा लागतो, तसे न केल्यास प्रति हेक्टर साठा सुमारे १३ टक्के कमी येतो.

छातीघेर (छातीच्या उंचीवरील खोडाचा घेर, ज्यावरून व्यास काढतात) भारतात जमिनीपासून १.३७ मी. उंचीवर, तर आंतरराष्ट्रीय कामात सामान्यतः १.३० मी. उंचीवर घेतात. १.३७ मी. म्हणजे साडेचार फूट. हे माप ब्रिटिश अमदानीतील वनखात्याच्या फूट-इंचांतून आले असावे. सरळ खोडात हा ७ सेंमी.चा फरक नगण्य असतो. बुंधा फुगलेला असल्यास मात्र तो व्यासाच्या वर्गात शिरतो, म्हणून उंची न नोंदलेली जुनी मापे तुलनेस घेऊ नयेत. उतारावर माप चढाच्या बाजूने घेतात. बुंध्याला आधार देणारी फळ्यांसारखी मुळे असल्यास ती संपतात तेथून ३० सेंमी. वर. ३० सेंमी.पेक्षा कमी घेराची झाडे सहसा वगळतात.

महाबळेश्वर परिसरातील अंजन, जांभूळ व पिसा यांच्या रानात तोडीनंतर आलेले फुटवे पुष्कळ. फुटव्यांच्या व्यासांची बेरीज करायची नसते. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढायचे असते. १० सेंमी.चे तीन फुटवे म्हणजे १७.३ सेंमी.; ३० धरल्यास खोडाचा छेद तिप्पट होतो. जात ठरविताना स्थानिक नावावर विसंबू नये. येथील अंजन मेमेसिलॉन अंबेलेटम, तर खानदेशच्या कोरड्या रानातील अंजन हार्डविकिया बायनाटा. नाव चुकले की लाकडाची घनताही चुकते.

जैवभारासाठी (झाडाच्या जमिनीवरील भागाच्या कोरड्या वजनासाठी) भारतीय वन सर्वेक्षणाची घनफळ-समीकरणे किंवा शाव्ह व सहकाऱ्यांचे २०१४ चे समीकरण वापरतात: जैवभार (किग्रॅ.) = ०.०६७३ × (घनता × व्यास² × उंची)^०.९७६. यात घनता ग्रॅ./घसेंमी., व्यास सेंमी. आणि उंची मी. मध्ये असते. वाऱ्याने खुरटलेल्या माथ्यावरील रानासाठी दुसरे अधिक योग्य वाटते, कारण त्यात उंची येते. घनता ०.७ व व्यास २० सेंमी. असलेले झाड १५ मी. उंच असल्यास सुमारे २३१ किग्रॅ., ८ मी. असल्यास १२५ किग्रॅ. भरते. कार्बन त्याच्या ०.४७ पट धरतात, पूर्वी ०.५ धरत.

विविधतेसाठी शॅनन (१९४८) व सिंप्सन (१९४९) यांचे निर्देशांक प्रचलित आहेत; जाती किती व झाडे त्यांत किती समप्रमाणात विभागली आहेत, हे ते एका आकड्यात सांगतात. शॅननचा लॉगॅरिदम कोणत्या पायाचा, हे न सांगितलेला आकडा निरुपयोगी. क्षेत्र वाढले की जातीही वाढतात, त्यामुळे ०.०४ व ०.१ हेक्टरच्या चौकटींतील जातिसंख्या थेट ताडून पाहता येत नाही. कार्बनाची अडचण वेगळी: देवराईतील एकच महावृक्ष लहान चौकटीत आला, तर त्याला २५ ने गुणले जाते. जास्त जाती म्हणजे जास्त कार्बन असेही नाही. सागाच्या जुन्या लागवडीत जाती कमी असूनही कार्बन भरपूर असू शकतो.

मुळे खणून मोजणे क्वचितच होते, जमिनीवरील जैवभाराला गुणोत्तर लावून त्यांचा जैवभार काढतात. गारंबीसारख्या जाड वेली बहुधा सुटतात. मातीचे नमुने सहसा ३० सेंमी. खोलीपर्यंत घेतात, दगडगोट्यांचे प्रमाण वजा न केल्यास मातीतील साठा फुगतो.