सुटलेल्या ट्रॉलीखालची काळी माती

मिरग लागला की ट्रॅक्टरमागे वखर आणि पेरणीयंत्र येतं आणि दोन चाकी ट्रॉली सुटते. मग थेट सोयाबीन-कापूस निघेपर्यंत ती गोठ्याशेजारी नाहीतर धुऱ्यावर उभी असते: दोन चाकं आणि पुढच्या दांड्याखालचा जॅक, अशा तीन पायांवर. जूनमध्ये सरळ उभी केलेली ट्रॉली पोळ्यापर्यंत नाक खुपसून बसते. लोक जॅकला नावं ठेवतात. जॅक बहुतेक वेळा ठणठणीत असतो, खाली गेलेली असते माती.

हिशेब सोपा आहे. रिकाम्या ट्रॉलीचा 200 किलो भार दांड्यावर येतो असं धरू. जॅकची तळपट्टी 10 × 10 सेंटीमीटरची असेल तर मातीवर दर चौरस सेंटीमीटरला 2 किलो दाब पडतो. जॅक मोडला म्हणून 6 सेंटीमीटर व्यासाचा पाइप टेकवला, तर तोच दाब 7 किलोवर जातो. कोरडी काळी माती साधारण दीड किलोपर्यंत झेलते, भिजून लोणी झाली की अर्धा किलोही तिला जड होतो. खाली 30 × 30 सेंटीमीटरची फळी टाका, दाब पाव किलोच्याही खाली येतो. फळी किमान 5 सेंटीमीटर जाड हवी. पातळ फळी मधोमध वाकते, कडा उचलल्या जातात आणि सगळा भार पुन्हा जॅकखालच्या तेवढ्याच तुकड्यावर येतो.

पण आपल्या मातीचा खोडसाळपणा नुसत्या मऊपणाचा नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे कण पापडाच्या चळतीसारखे एकावर एक असतात. पाणी त्या पापडांच्या मध्ये शिरतं, चळत फुगते आणि माती वर उचलली जाते. उन्हात पाणी गेलं की तीच माती आक्रसते, आणि उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ट्रॉलीखाली हे सारखं घडत नाही. मधला भाग सावलीत कोरडा राहतो आणि ट्रॉलीवरच्या ताडपत्रीवरून पाण्याची धार जिथे पडते ती बाजू आधी फुगते. एक चाक वर, दुसरं जिथल्या तिथे, आणि जॅकला तिरपा भार. सरळ भार घेण्यासाठी बनवलेला जॅक तिरपेपणा फार सहन करत नाही.

आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. कालव्यांच्या कामात ती वापरली गेली. तिथे थर मीटरभर जाडीचा असतो. ट्रॉलीसाठी एवढा खर्च कोणी करणार नाही, करूही नये. दोन्ही चाकांखाली आणि जॅकखाली 60 × 60 सेंटीमीटरचा, 30 सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. काळी माती काढून मुरूम दोन-तीन थरांत भरा, प्रत्येक थर थोडा ओला करून धुम्मसाने ठोका. वरचा माथा जमिनीपेक्षा 5 ते 7 सेंटीमीटर उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. मुरमाऐवजी नुसती गिट्टी भरू नका. गिट्टीतून पाणी खाली उतरतं आणि तुम्ही काळ्या मातीच्या पोटात छोटी विहीर खोदलेली असते. एवढं करूनही फुगणं पूर्ण थांबत नाही, पण तिन्ही पाय बरेचसे एकसारखे हलतात.

आता सोडणं. आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून दगडाच्या उट्या लावा, मगच दांडा ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनीकडे वळा. हायड्रॉलिकची नळी आणि दिव्यांची वायर याच वेळी काढा, नाहीतर ट्रॅक्टर पुढे गेला की ती तुटलेली दिसते. जॅक फळीवर टेकवा, दांडा पिनीवरून हलका होईपर्यंत उचला आणि पिन हाताने ओढा. अडली तर हातोडी मारू नका, ट्रॅक्टर बोटभर मागे-पुढे घ्या. हुकाचं भोक जुळलं का हे बघायला त्यात बोट घालणारा माणूस गावोगावी सापडतो. त्याला ओरडून बाजूला करा.

सुटी ट्रॉली म्हणजे तराजू. दांड्यावर 200 किलो आणि तो आसापासून अडीच मीटरवर असेल, तर मागच्या फाळक्याशी, आसापासून 2 मीटरवर, 250 किलो आले की तराजू बरोबरीत येतो. चार-पाच जण मागे चढले की एवढं वजन होतं. मग दांडा जॅकवरून उठतो आणि ते उतरले की आपटतो. म्हणून मागच्या चौकटीखालीही एक ठोकळा हवाच. पोरांना आवरणं त्याहून कठीण आहे.

बॉटल जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचं सील किंचितही गळत असेल तर चार महिन्यांत तो बसतो. आट्यांचा जॅक घर्षणावर थांबतो, आटे पुरेसे बारीक असल्याने भार त्याला उलटा फिरवू शकत नाही. तरी शेजारी बाभळीचे किंवा सागाचे ठोकळे चौकटीत रचा, दोन असे आणि त्यावर दोन आडवे. उंची रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी ठेवा. पोकळ सिमेंटचा ब्लॉक वापरू नका. लाकूड चेपताना करकरतं, ब्लॉक न सांगता फुटतो.

ट्रॉली समपातळीत आहे का हे तपासायला लेव्हलपट्टी नसली तरी चालेल. पारदर्शक बाटली निम्मी भरून साट्यावर आडवी ठेवा आणि पाण्याची रेघ बाटलीच्या कडेशी समांतर आहे का बघा. मोठा पाऊस झाला की आणि ऑक्टोबरच्या उन्हात माती आक्रसू लागली की, हे दोन वेळा पुरे. टायरांवर ओली पोती टाकू नका, उन्हापासून आडोसा म्हणून कोरडा बारदाना झाका.

दसऱ्याला जोडायच्या आधी ठोकळे हाताने उचलू नका. त्या सांदीत विंचू असतो. सब्बलीने सरकवा.