तंबोऱ्याची तार तुटली तर
(पहिल्यांदाच तार बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

एक तार तुटली म्हणून तंबोरा थेट मिरजेला आणायची गरज नाही. ती घरी बसवता येते. मात्र बाकीच्या तीन तारा अजिबात काढू नका. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती रुंद पट्टी) तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते. सगळ्या तारा एकदम निघाल्या की ती सरकते आणि मेहनतीने काढलेली जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, बिघडते. चारही बदलायच्या असल्या तरी एकेक करूनच बदला.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नका, नवी तार घेताना आम्हाला दाखवा. जोडाच्या (मधल्या, षड्जाच्या) दोन्ही तारा पोलादी, खर्ज (शेवटची, खालच्या षड्जाची) पितळी. पंचमाची (पहिली) तार मात्र गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे ठरते. काळी चार या उंच पट्टीला लावलेली तार काळी एक या खालच्या पट्टीला ढिली पडून नुसती खडखडते. आणि तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. इथे पुष्कळांची गल्लत होते.

तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवा, भोपळ्याला चुंबळीचा आधार द्या. तारेच्या टोकाला लहान फास करून घट्ट पीळ द्या आणि तो लंगोटात (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायच्या पट्टीत) अडकवा. तार आधी मण्यातून (लंगोट आणि घोडी यांच्या मधल्या) ओवा, मग घोडीवरून आणि अटीवरून (दांडीच्या वरच्या टोकाच्या आडव्या पट्टीवरून) नेऊन तारदानाच्या (तिच्या पुढच्या भोकांच्या पट्टीच्या) भोकातून खुंटीकडे काढा. मणी राहिला तर सगळे पुन्हा उलगडावे लागते, आणि तारेला एकदा मोड पडला की ती तिथेच तुटते.

शेजारच्या खुंटीकडे बघून वेढे त्याच बाजूने द्या, एकावर एक चढू देऊ नका. पिळताना खुंटी आत दाबत राहा आणि चेहरा तारेपासून लांब ठेवा. खुंटी घसरत असेल तर थोडा खडू लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून ती अडकते. तेव्हा पक्कड लावू नका, हलक्या हाताने मागेपुढे करून सोडवा.

तार स्वराच्या जरा खालीच थांबवा, तासाभराने चढवा. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, त्यात तिचा दोष नाही. शेवटचा बारीक फरक मण्याने काढा: लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मग जवारीचा दोरा घोडीवर तारेखाली घालून केसभर मागेपुढे करत राहा. एका जागी आवाज एकदम खुलतो, तंबोरा बोलू लागतो. ती जागा कानालाच सापडते. घाई करू नका.

घोडीवर कानस किंवा पॉलिशपेपर कधीही फिरवू नका. तार पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी तुटत असेल तर बहुधा घोडीला किंवा अटीला धारदार खाच पडलेली असते. अशा वेळी वाद्य आमच्याकडेच आणा. प्रवासात तारा थोड्या उतरवून ठेवा, पण काढू नका.