ह-स-ल (अरबी धातू)

ह-स-ल : अरबी भाषेतील तीन व्यंजनांचा एक धातू. मराठीतले महसूल, तहसील आणि हशील हे तिन्ही शब्द याच धातूचे. पहिले दोन दप्तरात राहिले, तिसरा घराघरांत पोचला. या धातूचा अर्थ ‘मिळणे’ असा एका शब्दात उरकण्याची पद्धत आहे, पण तो अपुरा आहे. इब्न मंझूरच्या ‘लिसान अल्-अरब’ या तेराव्या शतकातल्या कोशात ‘हासिल’चा अर्थ ‘बाकीचे निघून गेल्यावर जे टिकून उरते ते’ असा दिला आहे. बाकीचे पुष्कळ अर्थ या उरण्याशी जोडता येतात.

अरबी शब्दाचा कणा व्यंजनांचा असतो. स्वर आणि पुढची-मागची अक्षरे बदलली की नवा शब्द पडतो. इथली व्यंजने हा, साद आणि लाम. हा ‘हा’ घशातून घासत येतो आणि ‘साद’ हा जड ‘स’ आहे. मराठीत दोन्ही साध्या ह-स मध्ये विरघळले. ‘हासिल’ म्हणजे हाती उरलेले, ‘महसूल’ म्हणजे गोळा केलेले, ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे आणि ‘मुहस्सिल’ म्हणजे गोळा करणारा. तालीम, तसबीर आणि तपशील हे शब्दही तहसीलच्याच साच्यातले; तहसील-तपशील हे यमक योगायोगाचे नव्हे. तपशील मुळात ‘तफ्सील’. मराठी जिभेने ‘सी’चा ‘शी’ केला, तसेच हासिलचे हशील झाले. ‘तहशीलदार’ असेही पुष्कळ जण लिहितात.

अभिजात अरबीतले अर्थ मातीच्या फार जवळचे आहेत. खळ्यावर धान्य साफ करून नेले की मागे जे उरते, ती ‘हुसाला’; आपल्याकडच्या मातेऱ्याची ती सख्खी बहीण. जनावराने माती खाल्ली आणि ती पोटात बसून राहिली, तर त्या दुखण्यालाही याच धातूचे क्रियापद. अकराव्या शतकाच्या आरंभी वारलेला कोशकार इब्न फारिस धातूचा मूळ अर्थ ‘एकत्र करणे’ असा सांगतो आणि पुढे काही भाषापंडितांचे मत नोंदवतो, की ‘तहसील’ म्हणजे मुळात खाणीच्या मातीतून किंवा दगडातून सोने-रुपे वेगळे काढणे. असे काम करणाऱ्या बाईला ‘मुहस्सिला’ म्हणत. माती धुऊन टाकायची आणि तळाशी राहील ते घ्यायचे, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर कुराणातला या धातूचा एकमेव प्रयोग नीट उमगतो. शंभराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, कबरींत जे आहे ते उपसले जाईल असे सांगून लगेच म्हटले आहे, की छातीत जे आहे तेही बाहेर काढले जाईल. तिथे क्रियापद आहे ‘हुस्सिला’.

पक्ष्याच्या गळ्याखाली दाणे साठवणारी पिशवी असते, तिला अरबीत ‘हौसला’ म्हणतात. इब्न फारिस तिचे नावही याच धातूला जोडतो, कारण दाणे तिथे जमतात. फारसीत या पिशवीची झाली कुवत आणि धीर, उर्दू-हिंदीत हिंमत. आपली ‘हौस’ मात्र या घरातली नाही; ती ‘हवस’वरून आली आणि तिची व्यंजनेही वेगळी. आजच्या अरबीत फुप्फुसातल्या वायुकोशांना ‘हुवैसिला’, म्हणजे चिमुकली पिशवी, असे नाव आहे.

आजच्या अरबीत पैसे साठवायच्या गल्ल्याला ‘हस्साला’, गुणाकाराला ‘हासिल अद्-दर्ब’ आणि भौतिकशास्त्रातल्या परिणामी बलाला ‘मुहस्सिला’ म्हणतात. सोने गाळणाऱ्या बाईचे नाव थेट बलांच्या बेरजेला लागले! ‘तहसील अल्-हासिल’, म्हणजे मिळालेलेच पुन्हा मिळवणे, हा वाक्प्रचार निरर्थक पुनरुक्तीसाठी वापरतात. तुर्कीत ‘तहसिल’चा एक अर्थ शिक्षण, तर इंडोनेशियनमध्ये ‘हासिल’ म्हणजे निष्पत्ती. हिंदी शाळेत बेरजेचा ‘हातचा’ हासिल होतो.

भारतात हा धातू फारसीच्या वाटेने आला आणि मुख्यतः वसुलीच्या कामाला जुंपला गेला. मुघल हिशेबात जमिनीवर आकारलेली रक्कम ‘जमा’ आणि प्रत्यक्ष हाती आलेली ‘हासिल’. दोन्ही आकडे क्वचितच जुळत. आज मराठी जमाखर्चात जमा म्हणजे खरोखर आलेला पैसा, म्हणजे शब्दाने जवळजवळ कूसच पालटली. ‘तहसील’ला फारसी ‘-दार’ लागून तहसीलदार झाला. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि कारभार १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार चालतो. पश्चिम महाराष्ट्रात बोलताना ‘तालुका’च म्हणतात, मात्र कचेरीवर पाटी ‘तहसील कार्यालय’ अशी. विदर्भात मुलखालाही सर्रास तहसील म्हणतात. गोव्यात त्याच जागी मामलेदार बसतो, त्याचा धातू निराळा.

‘हशील’ने एकेकाळी जकात, भाडे असे अर्थ वाहिले. एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांच्या वर्गणीच्या सूचनांत ‘टपाल हंशील’ भेटते. ते मागे पडले, राहिला तो प्रश्न: ‘आता रडून काय हशील?’ म्हणजे एवढे करून शेवटी हाती काय उरणार? ‘लिसान’मधला उरण्याचा अर्थ असा अरबी न जाणणाऱ्या आजीच्या तोंडी शाबूत राहिला.

‘वसूल’ या मंडळींत चुकून ओढला जातो. तो व-स-ल या धातूचा. ‘पोचणे, जोडले जाणे’ हा त्याचा अर्थ. ‘महसूल वसूल केला’ या वाक्यात दोन वेगळी घराणी शेजारी बसलेली असतात.