दिसायला सारख्या, वेगाला वेगळ्या: साटा आणि एनव्हीएमई

टेबलावर दोन एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांमध्ये डेटा साठवणाऱ्या ड्राइव्ह) शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, दोन्ही 500 जीबीच्या, आणि दोन्हींवर ‘एम.2’ छापलेलं. त्यातली एक सेकंदाला 550 एमबीच्या आसपास वाचते, दुसरी 3,500 एमबी. वरवर बघून हे कळत नाही. फरक सोनेरी पिनांच्या कडेला आहे: साटावालीला तिथे दोन खाचा, एनव्हीएमईवालीला एकच. साटा आणि एनव्हीएमई म्हणजे ड्राइव्हने कॉम्प्युटरशी डेटाची देवाणघेवाण करायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी.

सगळा गोंधळ ‘एम.2’ या नावाने होतो. ते नाव पट्टीच्या आकाराचं आणि जोडणीचं आहे. आतला डेटा साटाच्या वाटेने जातो की एनव्हीएमई वापरते त्या पीसीआय एक्सप्रेसच्या, हे त्यावरून ठरत नाही. भाच्याच्या लॅपटॉपसाठी एसएसडी घेताना मी दुकानात एवढंच विचारलं, “एम.2 आहे ना?” होती. घरी आणून स्लॉटमध्ये तिरकी सरकवली, दाबून आडवी केली, टोकाचा बारीक स्क्रू लावला. अगदी बरोबर बसली, पण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, दिसेचना. तो स्लॉट फक्त पीसीआय एक्सप्रेसचा होता आणि हातात साटाची पट्टी. दोन खाचांमुळे ती दोन्ही तऱ्हेच्या स्लॉटमध्ये बसते. बसते म्हणजे चालेलच असं नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता वेगाकडे वळू. ज्यांनी जुना कॉम्प्युटर उघडून पाहिलाय त्यांना हार्ड डिस्क जोडणारी ती 40 पिनांची चपटी, रुंद आयडीई केबल आठवत असेल. तिची शेवटची मजल सेकंदाला 133 एमबी. 2003 मध्ये बारीक केबलचं साटा आलं, सेकंदाला 1.5 गिगाबिटचं, 2009 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती 6 गिगाबिटवर पोचली आणि घरातल्या कॉम्प्युटरसाठी साटा तिथेच थांबलं. इथे एक हिशेब नीट लक्षात ठेवायला हवा. 6 गिगाबिटला 8 ने भागलं तर 750 एमबी येतात, पण साटा दर 8 बिटांसाठी 10 बिट पाठवतं. म्हणून कमाल 600 एमबी, आणि प्रत्यक्षात हातात पडतात साधारण 550. फिरत्या हार्ड डिस्कला एवढा रस्ता कधी पुरा वापरताच आला नाही. ती 150 ते 200 एमबीतच दमते. हार्ड डिस्कच्या खोक्यावर ‘6 गिगाबिट’ लिहिलेलं असतं ते रस्त्याचं माप, गाडीचं नव्हे.

एसएसडी आली आणि हा रस्ता अपुरा पडला. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती 2011 ची. ती पीसीआय एक्सप्रेसच्या, बहुधा चार, लेन (डेटाच्या शेजारी शेजारी धावणाऱ्या वाटा) वापरते. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला सुमारे 985 एमबी जातात, म्हणजे चौघींतून 3,900 च्या पुढे. चौथ्या पिढीत हे दुप्पट, पाचव्यात पुन्हा दुप्पट. पण मला यातलं खरं सुंदर काम वाटतं ते रांगांचं. साटा ज्या एएचसीआय पद्धतीने चालतं तिच्यात कामांची एकच रांग आणि त्या रांगेत 32 कामं. फिरत्या डिस्कचं वाचणारं टोक एका वेळी एकाच जागी असायचं, तेव्हा तेवढं पुरे होतं. एनव्हीएमईत अशा 65 हजारांवर रांगा लावायची सोय आहे, त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळू शकते.

50 जीबीचं फोल्डर साटावर दीडेक मिनिटात वाचून होतं, तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईवर 14-15 सेकंदांत. मात्र कॉपी करताना दुसऱ्या टोकाला पेन ड्राइव्ह असेल तर वेग त्या पेन ड्राइव्हचाच.

आणि विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ? साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर फार फरक जाणवणार नाही. तिथे विखुरलेल्या छोट्या छोट्या फाइल वाचायच्या असतात आणि प्रोसेसरचंही बरंच काम असतं. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभर-दीडशेच वाचू शकते. साटा एसएसडी हजारोंनी वाचते. खरी उडी ही आहे. म्हणून ज्यांच्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क आहे आणि एम.2 स्लॉटच नाही, त्यांनी तो भंगारात काढू नये. अडीच इंची साटा एसएसडी टाकावी, मशीन ओळखू येणार नाही. रोज मोठे व्हिडिओ कापणाऱ्याने मात्र एनव्हीएमईच घ्यावी.

घेण्याआधी लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे ‘साटा’ लिहिलंय, ‘पीसीआयई’ की दोन्ही, ते बघा. बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा विंडोजवरचा प्रोग्राम उघडा. ‘ट्रान्सफर मोड’समोर आधी आत्ताचा वेग आणि मग त्या ड्राइव्हची कमाल दिसते. दोन्हींत तफावत असेल तर स्लॉट कमी पडतोय.

भाच्याला शेवटी एनव्हीएमई आणून दिली. ती साटाची पट्टी मी यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरतो, आणि ती केस घेताना मात्र आधी विचारलं, “साटा एम.2 ची आहे की एनव्हीएमईची?”