टाकाऊ मासेमारी जाळ्यांचे पुनर्चक्रण

मासेमारीची हरवलेली, तुटलेली किंवा टाकून दिलेली जाळी गोळा करून त्यांतील प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. समुद्रात बेवारस राहिलेल्या जाळ्यांना ‘भूतजाळी’ म्हणतात. पिशव्या-बाटल्यांपेक्षा त्यांचा उपद्रव वेगळ्या जातीचा आहे, कारण धनी नसला तरी जाळे मासे पकडतच राहते. वरच्या बुचांनी आणि खालच्या शिशाने ताणून धरलेले गिलनेट (कल्ल्यांत अडकवून मासे पकडणारे पडद्यासारखे जाळे) यात सर्वांत घातक. अडकलेल्या माशांच्या आणि शेवाळाच्या वजनाने ते खाली बसेपर्यंत हा प्रकार चालू राहतो. तरंगणारे तुकडे पावसाळी वाऱ्याबरोबर कोकण किनाऱ्याला लागतात. ऑलिव्ह रिडले कासवांचे वल्ह्यासारखे पाय त्यांत अडकून सोलवटतात, कधी तुटतातही.

जाळे एकाच प्लॅस्टिकचे नसते, आणि पुनर्चक्रणाची खरी अडचण इथेच आहे. गिलनेट आणि पर्ससीन (थव्याला वेढणारी जाळी) बहुधा नायलॉनची, ट्रॉल (बोटीमागे ओढायची) जाळी एचडीपीईची म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिएथिलीनची, दोर पॉलिप्रोपिलीनचे. शिवाय बुचे, शिसे आणि लोखंडी कड्या. नायलॉन ६ (नायलॉनचा एक प्रकार) सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते, एचडीपीई १३०च्या आसपास. दोन्ही एकत्र वितळवली तर ती एकजीव होत नाहीत आणि निघालेला प्लॅस्टिकचा दाणा ठिसूळ, कवडीमोल ठरतो.

जेटीवर ओळख पटवण्यासाठी बादलीभर गोडे पाणी पुरते. नायलॉन बुडते (घनता सुमारे १.१४), एचडीपीई व पॉलिप्रोपिलीन तरंगतात (सुमारे ०.९५ आणि ०.९०). चाचणी फसते ती दोन कारणांनी: गाठींत हवा अडकली की नायलॉन वर राहते, आणि कालवे किंवा गाळ चिकटलेला असला की एचडीपीई तळाला जाते. म्हणून तुकडा धुऊन, पाण्याखाली चोळून मग सोडावा. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर बुडबुडे लवकर सुटतात. शंका उरल्यास एक धागा मोकळ्या हवेत जाळून पाहतात. विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर ते पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन.

वर्गवारीनंतर काठाचे दोर, बुचे आणि शिसे कापून काढतात. शिशाची एखादी गोळी राहिली तरी मालात विष मिसळते. वाळू राहिली तर यंत्राची पाती बोथट होतात आणि मीठ राहिले तर यंत्र गंजते. धुण्याआधी जाळ्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करणे आवश्यक असते. अख्खे जाळे यंत्रात घातले की धागे फिरत्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि यंत्र थांबते. नवशिक्या कारखान्यांत बहुतेक बिघाड याच टप्प्यावर होतात. नायलॉन हवेतली ओल शोषून घेते. ते सुकवून ओल ०.२ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय वितळवले तर रेणुसाखळ्या तुटतात, दाण्यात बुडबुडे येतात. दुसरा मार्ग रासायनिक आहे: नायलॉन ६चे विघटन करून कॅप्रोलॅक्टम हा त्याचा मूळ घटक मिळवणे. त्यात रंग व मळ वेगळे निघतात आणि नव्याच्या तोडीचा धागा बनतो. अ‍ॅक्वाफिल कंपनी स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे २०११पासून हे करते. एचडीपीईला मात्र असा सहज मार्ग नाही. त्याचे पाइप, पॅलेट, दोर होतात.

वर्षानुवर्षे तळाशी पडलेले जाळे वर काढून धुण्याचा खर्च त्यातल्या नायलॉनच्या किमतीत सहसा भरून निघत नाही. फायद्याचे पुनर्चक्रण होते ते बोटीवरून थेट उतरलेल्या जुन्या जाळ्यांचे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत जाळी शिवली जातात, जुनी भंगारात निघतात. संकलनाला याहून सोयीचा काळ नाही. समुद्रात जाळी फेकण्यास मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ अखेरपासून मनाई आहे.

महाराष्ट्रात संरक्षित जलचर सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला डिसेंबर २०१८पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कापलेला तुकडा मात्र बोटीवर ओढून घ्यावा लागतो, नाहीतर तोच पुढे भूतजाळे होतो. केरळात नींदकरा बंदरात २०१७पासून मच्छीमार जाळ्यांत आलेले प्लॅस्टिक किनाऱ्यावर आणतात. त्याचे बारीक तुकडे करून रस्त्याच्या डांबरात मिसळले जातात. त्यात नायलॉन उपयोगी नाही, कारण डांबराच्या तापमानाला ते वितळत नाही, आणि पीव्हीसी तर आधीच वेचून काढावे लागते, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.